लक्ष नव्हतं

मोशी, ६ ऑक्टोबर २०२५

काका, तुमच्या आमूचा जयभीम.

परवा फोनवर मी बराच वेळ बोलत होते आणि तुम्ही दर वाक्याला "बरं, बरं" म्हणत होतात. शेवटी मी म्हटलं, काका, घराला आग लागलीय. तुम्ही म्हणालात, "बरं, जेवून घे." तेव्हाच ठरवलं, आता पत्र लिहायचं. तुमच्या कानांपेक्षा पोस्टमन बरा.

आमच्या कंपनीत अपघात झाला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पहिल्या शिफ्टला. ज्योतीराम म्हणून प्रेसवरचा ऑपरेटर आहे, जालन्याकडचा. महाळुंग्यात भाड्याच्या खोलीत बायकोबरोबर राहतो. डायच्या साच्यात पत्रा अडकला, तो काढायला त्यानं हात आत घातला आणि प्रेस खाली आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी पोचले तेव्हा त्याला गाडीत बसवत होते. हात फडक्यात गुंडाळलेला. मला बघून एवढंच म्हणाला, "मॅडम, पडद्यानं थांबवलं नाही."

हा पडदा तुमच्या वेळी नव्हता, म्हणून सांगते. प्रेसच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन पिवळ्या उभ्या पट्ट्या असतात. त्यांच्यामधून किरण जातात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. मध्ये हात आला, की किरण तुटतात आणि प्रेस जागच्या जागी थांबते. त्या दिवशी ती थांबली नाही. मी प्रेसचं विजेचं कपाट उघडून पाहिलं तर पडदा बंद करायची किल्ली फिरवलेली होती, आणि किल्ली तशीच भोकात होती.

सेफ्टी ऑफिसर मी, म्हणून चौकशी माझ्याकडे. कारण शोधायचं आणि अहवाल द्यायचा. आम्हाला शिकवलंय की एकदा 'का' विचारून थांबायचं नाही, जे उत्तर येईल त्यालाही 'का' विचारायचं. पण आमचे प्लँट हेड जयसिंग सर यांना कारण आधीच सापडलंय. त्याचं लक्ष नव्हतं, म्हणाले. पत्रा काढायला चिमटा दिलेला असतो, यानं हात घातला, पाय पेडलवरच होता. संपला विषय.

काका, मी पिंपळे गुरवला तुमच्या खोलीत राहून शिकले. तुमचा तीन बोटांचा हात रोज ताटात पाहिला. पण ती दोन बोटं कशी गेली, हे कधी विचारलं नाही. आज विचारते.

माझं बाकी ठीक. समोरच्या फ्लॅटला अजून कुलूपच आहे. अख्ख्या मजल्यावर मी एकटी, त्यामुळे लिफ्ट आमच्याकडे थांबली की दचकायला होतं.

आमू

शेलगाव, १३ ऑक्टोबर

आमू, जयभीम घे.

पत्र पोचलं. आगीचं खोटं बोललीस, ते मला आत्ता कळलं. जेवून घे हे मात्र मी बरोबरच बोललो होतो.

माझी बोटं विचारलीस. त्यात सांगण्यासारखं फार नाही. पिंपरीत आमची प्रेस म्हातारी होती. पेडलवरून पाय काढला तरी कधीकधी स्वतःच्या मनानं खाली यायची. आठवडाभर आधी फोरमनला मी सांगितलं होतं. तो म्हणाला, बघू. मग एक दिवस आली खाली. दवाखान्यात साहेब आला, उशाशी बसला, गोड बोलला. म्हणाला, "भिवा, तुझं लक्ष नव्हतं असं सांग. मशीनचं नाव घेतलंस तर चौकशी लागेल, आणि तुझं काम जाईल. लक्ष नव्हतं म्हणालास तर पॅकिंगला लावून घेतो." मी म्हटलं, लक्ष नव्हतं. कंपनीत तेच सांगितलं, चाळीत तेच, घरी तेच. एकदा बोललेलं बदलत बसलं की माणूस अडकतो.

त्यानं कुणाचं काय बिघडलं? नोकरी टिकली. तू शिकलीस. तुला सांगतो, तूही तसंच लिहून टाक. त्या पोराला कुठंतरी बसून काम मिळेल. तुझंही नाव वाईट होणार नाही.

बोटांनी मला त्रास दिला नाही. कानांनी दिला. पॅकिंगही प्रेसच्या शेडमध्येच होतं, त्या आवाजानं ते हळूहळू गेले आणि तुझ्या काकीनं बोलणं सोडलं. आधी काय बोलायची ती! सकाळी उठल्यापासून तोंड चालू. पुढं पुढं ताट वाढायची, डबा हातात द्यायची, दारात उभी राहायची, पण शब्द नाही. बहिऱ्यासंगं कोण डोकं फोडणार, म्हणून मी पण काही म्हटलं नाही. आता मी तिच्या फोटोपुढं बोलत बसतो आणि ती ऐकत नाही. फिटंफाट झाली.

गावात बोलायला माणूस नाही असं नाही. पण मोठ्यानं बोलून बोलून लोक दमतात, मग मला बघून दुसऱ्या गल्लीनं जातात. चिडू नये त्यांच्यावर.

भिवाकाका

मोशी, २० ऑक्टोबर

काका, जयभीम.

दिवाळीला सगळी इमारत रिकामी झाली. लोक बॅगा भरून आपापल्या गावाला गेले. खाली वॉचमन आणि वर मी. तो रोज विचारतो, मॅडम, तुम्ही कधी जाणार? आज त्याला सांगितलं, माझी चौकशी संपली की.

चौकशी पुढं गेली, आणि गेली नसती तर बरं झालं असतं असं वाटतंय.

किल्ली का फिरवली, तिथून सुरुवात केली. सुपरवायझर नवनाथनं फिरवली होती, खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे मशीनची पूजा असते आणि कामगार घरच्यांना कंपनी दाखवायला आणतात. ज्योतीरामनं बायकोला आणलं होतं. करिष्मा तिचं नाव. ज्याची प्रेस त्याच्या बायकोनं सजवायची असा मान असतो. ती झेंडूचं तोरण घेऊन आली. आता तोरण बांधायचं कुठं? प्रेसच्या तोंडाशी दोन पिवळ्या पट्ट्या उभ्या, हुबेहूब दाराची चौकट. तिनं तिथंच बांधलं. कुणालाही तीच जागा सुचली असती.

नारळ फोडला, की मुहूर्ताचा एक स्ट्रोक मारायचा असतो. पेडल दाबलं तर प्रेस हलेना. किरणांच्या मध्ये झेंडू. सगळे बघतायत, जयसिंग सर पुढं उभे. मग नवनाथनं पडद्याची किल्ली फिरवली, स्ट्रोक झाला, टाळ्या झाल्या, पेढे वाटले. मी मागं उभी होते. पेढा घेतला आणि निघाले, कारण दुसऱ्या दिवशी देहूरोडच्या विहारात जायचं होतं.

मी नवनाथला विचारलं, तोरण सोडून का नाही चालवली? तो महाळुंग्याचाच, जमिनी कंपन्यांत गेलेल्यांपैकी. तो म्हणाला, "मॅडम, पूजेचं तोरण दसऱ्याच्या आदी कोन काढतं व्हय? आन् किल्ली मी फिरवनारच हुतो परत. मग सुट्टी आली, मला दुसऱ्या लायनीवर टाकलं. ध्यानातच न्हाई राह्यलं." सुट्टीनंतर सफाईवाल्यानं सुकलेलं तोरण काढून टाकलं. प्रेस पहिल्यासारखी दिसायला लागली. ज्योतीराम रोजच्या भरवशावर कामाला लागला. चिमटा घ्यायचा सोडून हात घालायची सवय त्याची एकट्याची नाही, सगळ्या लाइनची आहे, कारण पडदा थांबवतो हे सगळ्यांना ठाऊक असतं.

हे सगळं मी जयसिंग सरांना सांगितलं. ते चिडले नाहीत, समजावत होते. म्हणाले, "लक्ष नव्हतं असं लिहा, आपण त्याला स्टोअरमध्ये घेऊ. पूजेचा विषय काढू नका, लोकांच्या भावना असतात. आणि आम्रपाली मॅडम, तुम्ही लिहिलंत तर त्याचा वेगळाच अर्थ निघेल." वेगळा म्हणजे कसा, हे मी विचारलं नाही. आपण हात जोडत नाही, एवढं अख्ख्या कंपनीला माहीत आहे.

एवढंच असतं तर मी खरं लिहून मोकळी झाले असते. पण काल ज्योतीरामला भेटायला गेले. तो पलंगावर, करिष्मा दाराशी भिंतीला टेकून. तो तिला काही विचारतो आणि ती नुसती मान हलवते. पाणी देते, बोलत नाही. मी निघाले तशी जिन्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, लोक म्हणतात तोरणामुळं झालं. माझ्यामुळं झालं का हे?"

मी "परत येते" एवढं म्हणून जिना उतरले. काका, खरं लिहिलं तर त्या साखळीत तिचं तोरण येणारच. खोटं लिहिलं तर सगळं खापर त्याच्या डोक्यावर. काय करू ते सांगा.

आमू

शेलगाव, २८ ऑक्टोबर

आमू,

यात विचार करण्यासारखं काही नाही. तोरणाचं नाव काढू नकोस. लक्ष नव्हतं असं लिही. तोरणाचं लिहिलंस तर ती पोरगी जन्मभर त्या तोरणाला लटकून राहील. नवऱ्याला नोकरी मिळते आहे, सुपरवायझर वाचतो आहे, तुझ्यावर कुणी बोट ठेवत नाही. एका माणसानं म्हणायचं की माझं चुकलं, आणि चौघांचं भागतं. मी केलंच ना? माझ्या बोलण्यानं कुणाचं वाईट झालं, ते दाखव मला.

तू लहानपणापासून अशीच. वरणात खडा लागला तर आम्ही काढून टाकायचो, तू विचारायचीस, आला कुठून.

इकडं थंडी पडायला लागली. स्वेटर काकीनं विणलेलाच घालतो. त्याची उजवी बाही तिनं नंतर मनगटाशी उसवून थोडी अरुंद केली होती, बोटं गेलेल्या हाताला नीट बसावी म्हणून. तेसुद्धा न बोलता.

काका

मोशी, ४ नोव्हेंबर

काका,

तुम्ही दाखव म्हणालात, म्हणून लिहिते. तुम्हाला हे माहीत असेल असं मी इतकी वर्षं समजत होते. तुमच्या दोन्ही पत्रांवरून दिसतंय, की माहीत नाही.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना एकदा सकाळी मी तुमच्यावर ओरडले होते. तुम्ही माझी सायकल घेऊन गेला होतात, असलंच काहीतरी. तुम्ही डबा घेऊन बाहेर पडलात आणि काकीनं मला हाताला धरून आत नेलं. म्हणाली, "कामावर निघालेल्या माणसाला बोलू नये गं. मी एकदा बोलले." मग तिनं सांगितलं. तुमची बोटं गेली त्या दिवशी सकाळी तुमचं भांडण झालं होतं. तिची आई आजारी होती, तिला गावाला जायचं होतं आणि तुम्ही ओव्हरटाइम घेतला होता. ती तुम्हाला म्हणाली होती, "जा, त्या मशीनशीच संसार करा."

दुपारी तुम्हाला दवाखान्यात नेल्याचं तिला कळलं. आणि तुम्ही सांगितलंत, लक्ष नव्हतं.

काका, तिनं दुसरा काय अर्थ लावायचा होता? लक्ष कुठं होतं मग? तिच्या बोलण्याकडे. तिला वाटलं, तिनं ते म्हटलं नसतं तर तुमची बोटं शाबूत राहिली असती. म्हणून तिनं तुम्हाला बोलणं सोडलं. तुमचे कान नंतर गेले. ती त्याच्या आधीच गप्प झाली होती. दारात का उभी राहायची? तुमच्या मागं एकही वाईट शब्द जाऊ नये म्हणून, तोंड मिटून.

हे मी तुम्हाला लागावं म्हणून लिहीत नाही. पण त्या दिवशी करिष्माला दाराशी गप्प बसलेली पाहिलं आणि मला काकीच दिसली. आता "लक्ष नव्हतं" माझ्या हातानं लिहिलं जाणार नाही. त्याच्याबद्दल ते खरं नाही, आणि तेवढं लिहून करिष्मा सुटणारही नाही. पण तिच्यापुढं जाऊन बोलायचं धाडसही अजून होत नाही.

आमू

मोशी, २४ नोव्हेंबर

काका,

माझं पत्र मिळालं का? एवढे दिवस तुम्ही कधी लावत नाही. शेजारच्या सुमनताईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, बरे आहेत, जेवतात, पण ओट्यावर येऊन बसत नाहीत. रागावला असाल तर रागाचं पत्र लिहा. कोरं पाकीट टाकलंत तरी चालेल, तुमचं अक्षर वर दिसलं म्हणजे झालं.

मी ते लिहायला नको होतं का?

आमू

शेलगाव, २ डिसेंबर

आमू,

रागावलो नाही. लिहायला बसलो की पेन ठेवून देत होतो.

त्या दिवशी माझं लक्ष होतं. पूर्ण होतं. सकाळी भांडून निघालो म्हणून उलट जास्तच होतं, कारण रागात माणसाला झोप येत नाही. पाय पेडलवरून काढलेला होता. प्रेस आपोआप आली. ती अशी येते हे मी फोरमनला आधीच सांगितलं होतं, युनियनवाल्याला सांगितलं होतं, तुला पहिल्या पत्रात सांगितलं. फक्त गिरजेला, तुझ्या काकीला, सांगितलं नाही. घरात काय सांगायचं, असं वाटलं. बाईमाणसाला मशीनचं काय कळणार, असंही वाटलं असेल.

मी आपला समजत होतो की बहिऱ्याशी बोलून ती कंटाळली. ती ओठ हलवायची नाही, म्हणून मला ओठ बघून ओळखायची सवयसुद्धा लागली नाही. बाकीचे बहिरे शिकतात. एका खोलीत दोघं म्हातारे झालो. ती समजत होती तिच्यामुळं माझी बोटं गेली, मी समजत होतो माझ्या कानांमुळं तिचं बोलणं गेलं. आणि ती पिंपरीची प्रेस मजेत.

फोटोपुढं बसून तिला सगळं सांगितलं. पेडल, फोरमन, सगळं. मोठ्यानं सांगितलं, सुमनताई बघायला आली. काही उपयोग नाही आमू. माणूस असताना सांगायचं असतं.

अहवालात तुला काय लिहायचं ते तू ठरव, मी आता शहाणपण शिकवत नाही. पण त्या पोरीकडं जा. कागद तिच्या हातात देऊ नकोस. तोंडानं सांग, आणि नवऱ्यासमोर सांग. तिला कान आहेत.

भिवा

मोशी, १४ डिसेंबर

काका, जयभीम.

अहवाल दिला. लक्ष नव्हतं असं त्यात कुठंही नाही. पडदा बंद करायची किल्ली कुणालाही मिळू शकत होती, पडदा बंद असल्याची सूचना कुठं दिसत नव्हती, शिफ्ट सुरू होताना पडदा तपासायची पद्धत नव्हती, आणि ती पद्धत घालून देणं माझं काम होतं. पूजेचं सगळं जसं घडलं तसं लिहिलं. जयसिंग सरांनी तो वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. आता किल्ल्या कुलपात गेल्यात. ज्योतीरामला स्टोअरमध्ये घेतलंय, पण लेखी अजून काही नाही, तेवढं मी मागं लागून करून घेणार आहे. नवनाथ माझ्याशी बोलत नाही. कँटीनमध्ये मी बसले की टेबल रिकामं होतं. मला वाईट वाटतं, हे तुम्हाला सांगायला लाजत नाही.

आज रविवार होता, महाळुंग्याला गेले. ज्योतीराम होता, करिष्मा दाराशी तशीच. मी तिला त्याच्यासमोर बसवलं आणि म्हटलं, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर द्यायला आलेय.

मी म्हटलं, "करिष्माताई, तुमचं तोरण बांधल्यावर प्रेस थांबली होती. पेडल दाबूनही खाली आली नाही, सगळ्यांनी पाहिलं. तोरणानं मशीन थांबवलं. चालवलं ते किल्लीनं, आणि किल्ली तुम्ही फिरवली नाही, यांनीही नाही."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग ज्योतीराम म्हणाला, "मी हिला हेच म्हणतोय, तुझं काही नाही. ऐकतच नाही." ती रडली. मी तिला थांबवलं नाही.

नंतर तिनं चहा ठेवला. ज्योतीरामनं कप सवयीनं उजव्या हातानं उचलला, तो निसटला आणि सगळा चहा चादरीवर. करिष्मा ताडकन उठली. "कितीदा सांगायचं डाव्या हातानं धरा म्हणून? काल धुतलीय चादर!" तो म्हणाला, "एवढा काठोकाठ भरतं का कुणी कप?" ती म्हणाली, "हो, माझंच चुकलं, आता वाटीत देते, बाळासारखं प्या." तोही ऐकून घेईना. दोन महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. त्याची औषधं, तिच्या माहेरचे फोन, गॅसची टाकी. मी मध्ये बसलेय हे दोघं विसरले. मी थंड चहा हातात धरून ऐकत बसले. उठावंसं वाटेना. काका, इतकं छान मी कितीतरी दिवसांत काही ऐकलं नव्हतं. आणि काकी आठवून मला रडू आलं, ते त्यांना दिसलंही नाही.

संध्याकाळी परत आले. समोरच्या फ्लॅटला कुलूप, माझ्या दाराला कुलूप. उघडून आत आले, दिवा लावला आणि लगेच लिहायला बसले.

तुम्ही इकडे या. थोडे दिवस नाही, राहायलाच या. मी तुमच्यासमोर बसून सावकाश बोलेन, माझे ओठ बघून ओळखायला शिका. सत्तरीत शिकू नये असं कुठं आहे? येताना काकीचा फोटो आणा. आणि सायकल नेली होती, त्याचं भांडण अजून बाकी आहे. तिथून सुरू करू.

आमू